चित्र काळं, आवाज शाबूत

२०१७ सालची धनत्रयोदशी १७ ऑक्टोबरला होती. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ची नवी मोठी आवृत्ती जगभर सोडायला सुरुवात केली. तिच्यात एक बारीकसा बदल होता. एचईव्हीसी नावाच्या पद्धतीनं साठवलेला व्हिडिओ उलगडण्याची सोय विंडोजमधून बाहेर काढली गेली आणि वेगळी जोडणी म्हणून ठेवली गेली. पुढे त्या जोडणीला ९९ सेंट अशी किंमत लागली. विंडोजच्या या आवृत्तीच्या चार आठवडे आधी, १९ सप्टेंबरला, ॲपलनं आयफोनसाठी आयओएस ११ आणलं होतं. आयफोन ७ आणि त्यापुढचे फोन त्या दिवसापासून व्हिडिओ साठवू लागले ते नेमके एचईव्हीसीमध्ये. फोन ज्या पद्धतीनं चित्रण करू लागला, ती पद्धत उलगडण्याचं काम संगणकानं महिनाभरातच सोडून दिलं. दोन्ही निर्णय अमेरिकेत झाले. त्यांची झळ वैनगंगेच्या खोऱ्यातल्या लग्नघरांपर्यंत येऊन पोचली.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते. नागपूरला, रायपूरला, पुण्याला नोकरी करणारा एखादा भाचा येतो, हळदीपासून वरातीपर्यंत फोनवर चित्रण करतो आणि निघताना मामाच्या घरच्या संगणकावर सगळं उतरवून देतो. तो गेल्यावर मामा फाइल उघडतात. पडदा काळाच. आतून मात्र सनई, बायकांची गाणी, मांडवातली हाकाहाक, सगळं स्वच्छ ऐकू येतं. विंडोज एक निरोप दाखवतं, त्यात कोडेक हा शब्द असतो आणि पैसे भरून काही घ्यायला सांगितलेलं असतं. मामांचा समज होतो की हा काहीतरी फसवणुकीचा प्रकार. ते निरोप बंद करतात, आणि घरात बातमी जाते की व्हिडिओ खराब आला.

बालाघाटच्या काली पुतली चौकापासून जवळच लग्नाचं चित्रण आणि मिक्सिंग करणारे एक गृहस्थ आहेत. व्हीएचएसच्या काळापासून ते या धंद्यात आहेत. ते म्हणतात, “लोक येऊन सांगतात, भाऊ, कॅसेट खराब झाली. पेनड्राइव्ह असो की सीडी, आमच्याकडे सगळ्याले कॅसेटच म्हणतात. मी म्हणतो, काकाजी, खराब काही नाही झालं. तुमचं मशीन त्याले ओळखत नाही.” त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे तीन प्रकार ठरलेले आहेत. आवाज येतो, चित्र येत नाही. चित्र येतं, आवाज येत नाही. आणि तिसरा : कालपर्यंत चालत होतं, आज नवीन विंडोज टाकली आणि काहीच उघडत नाही. तिसऱ्या तक्रारीचा माणूस सगळ्यात जास्त गोंधळलेला असतो, कारण त्याच्या हातून काहीही चुकलेलं नसतं. दुकानदारानं सांगितलं म्हणून, किंवा संगणकानं स्वतःहून रात्रीत उरकलं म्हणून, सॉफ्टवेअर नवं झालेलं असतं. नवं म्हणजे जास्त चांगलं, जुनं सगळं येणारं आणि वर आणखी काही येणारं, असं आपण धरून चालतो. मीडिया प्लेअरच्या बाबतीत ते दर वेळी खरं ठरत नाही.

याचं कारण समजायला फाइलच्या पोटात डोकवावं लागतं. एमपी४, एव्हीआय, एमओव्ही, एमकेव्ही ही फाइलच्या नावापुढची अक्षरं फक्त वेष्टण सांगतात. आत चित्र एका पद्धतीनं दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या पद्धतीनं. ही दाबण्या-उलगडण्याची पद्धत म्हणजे कोडेक. एकाच एव्हीआय वेष्टणात इंडिओ, सिनेपॅक, डिव्हएक्स, एमजेपेग, डीव्ही असं काहीही असू शकतं. एका नावाच्या दोन फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, ते म्हणूनच. प्लेअरला वेष्टण उघडता येतं, आतली एखादी पद्धत मात्र त्याला येत नसते.

बालाघाटच्या माणसाला हे रेल्वेवरून चटकन समजतं. बंगाल-नागपूर रेल्वेनं १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे जी लाइन टप्प्याटप्प्यानं उघडली, तिचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे होते. गोंदियाला ती मुंबई-हावडा मार्गाला भेटायची आणि तिथलं अंतर १६७६ मिलिमीटर. छोट्या लाइनीवरून आलेला माल गोंदियाच्या यार्डात उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. मग रूळ रुंद करण्याचं काम निघालं. २०१५मध्ये बालाघाटच्या उत्तरेची छोटी गाडी थांबली आणि २०२१मध्ये जबलपूरपर्यंतची मोठी लाइन पुरी झाली. थांबलेल्या डब्यांची चाकं काही मोडलेली नव्हती. त्यांच्या मापाचे रूळ उरले नव्हते. नागपूरच्या मोतीबागेत २००२पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथं तसली इंजिनं आणि डबे जपलेले आहेत. व्हिडिओच्या पद्धती मागे पडल्या, तेव्हा या खोऱ्यातल्या घरगुती चित्रणांसाठी असं मोतीबाग कुणी उभं केलं नाही. आणि इथं पणाला लागलेली गोष्ट, म्हणजे घराघरातली बोली, रेल्वेच्या डब्यांहून नाजूक आहे.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रांतातले नागपूर, भंडाऱ्यासारखे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. भंडारा जिल्हा तेव्हा गोंदियासह होता, आणि बालाघाट जिल्ह्याचाही काही भाग १८६७मध्ये त्याच भंडाऱ्यातून काढलेला. बाघ नदीच्या दोन तीरांवर सोयरिकी तशाच चालू राहिल्या, शाळा आणि कचेऱ्यांची भाषा मात्र वेगळी झाली. लांजी, किरनापूर, वारासिवनी, कटंगी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आजी मराठी बोलते, नातवंडं ती समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. पोवार घरांतली पोवारी बोली तर जनगणनेत हिंदीच्या खात्यात मोजली जाते. तिच्यात आता लोक लिहू लागले आहेत, ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण पोवारीची खरी शिदोरी बायकांच्या गळ्यात होती. हळदीची, मांडवाची, नवरी निघतानाची गाणी, विहिणीला दिलेले टोमणे. त्यातलं फार थोडं कागदावर आलेलं आहे. बाकीचं कुठं असेल तर ते १९९० ते २०१०च्या दरम्यान खेड्यापाड्यांत झालेल्या लग्नांच्या चित्रणांत. शूटिंगवाल्यानं ते मुद्दाम टिपलेलं नव्हतं. त्याचा कॅमेरा नवरा-नवरीवर होता, माइक उघडा होता, आणि मागे कुठंतरी एक म्हातारी आपल्या आईकडून शिकलेलं गाणं म्हणत होती.

तेच मंडईचं. दिवाळीचा पाडवा झाला की भंडारा-गोंदियाच्या गावांत आणि नदीपलीकडे बालाघाटातही मंडया भरतात. दिवसा गोवाऱ्यांचा नाच आणि बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी आज वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांमुळे सर्वांना माहीत आहे. तिच्यातले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. पण गावच्या हौशी मंडळींनी उभी केलेली दंडार, तिच्यातला शाहीर, ढोलकीवाला, बायकी सोंग घेणारा पोरगा, हे कुणी नोंदवलं असेल तर गावातल्याच कुणीतरी, हँडीकॅमवर किंवा पुढे साध्या मोबाइलवर. त्या मोबाइलची फाइल थ्रीजीपी, चित्र एच.२६३, आवाज एएमआर. तो आवाज टेलिफोनच्या संभाषणापुरता बेतलेला, त्यात ढोलकी बिचारी पत्र्यासारखी वाजते. तरीही ज्याचा बाप त्या दंडारीत नाचत होता, त्याच्याकडे बापाची तेवढीच हालती प्रतिमा आहे.

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या वेळी, १९१३ ते १९२९ या काळात, हिंदुस्थानातल्या भाषा-बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. मध्य प्रांतातल्या बोलीही त्यात आहेत. त्या तबकड्यांवरचा आवाज आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात कुणालाही ऐकता येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या लाखेच्या तबकडीवरचं बोलणं ऐकू येतं, आणि पंधरा वर्षांपूर्वी आपल्याच आजीनं म्हटलेलं गाणं आपल्याच संगणकावर उघडत नाही. मला हे सहन होत नाही, म्हणून हा लेख.

या पट्ट्यातल्या लग्नाच्या चित्रणाचा इतिहास तसा सरळ आहे. आधी व्हीएचएस. मग मिनीडीव्ही, खांद्यावर ठेवायचा पॅनासॉनिकचा एमडी-१०००० हा कॅमेरा देशभरातल्या लग्नांत दिसायचा, तसा इथंही. ग्राहकाच्या हातात पडायची ती व्हीसीडी. १९९३मध्ये ठरलेल्या या पद्धतीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चौकटी, एका तबकडीवर ७४ मिनिटं. मोठं लग्न तीन तबकड्यांत मावायचं आणि तिसरीवर नवरीची पाठवणी असायची. त्यानंतर डीव्हीडी, मग पेनड्राइव्ह, आता ड्राइव्हची लिंक.

व्हीसीडी संगणकात घातली की आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात एव्हीएसईक्यू०१.डॅट ही फाइल. जुन्या प्लेअरांना हे डॅट म्हणजे व्हिडिओ हे ठाऊक होतं. नव्या विंडोजवर ती फाइल दाबली की संगणक विचारतो, ही कशानं उघडू? पुष्कळ घरांत डॅट ही संगणकाची काहीतरी अंतर्गत फाइल समजून जागा मोकळी करताना पुसली गेली आहे. खरं तर आत साधी एमपेग-१ असते, तिचं नाव बदलून शेवटी एमपीजी केलं तरी अनेकदा ती चालू लागते.

डीव्हीडीची हकिगत जास्त बोचणारी. २०१२मध्ये विंडोज ८ आलं आणि त्यातल्या मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चालवण्याची सोय काढून टाकली गेली. त्याआधीच्या विंडोज ७मध्ये ती होती. म्हणजे संगणक नवा झाला आणि त्याच ड्राइव्हमध्ये तीच तबकडी घातल्यावर तो गप्प बसू लागला. कारण तांत्रिक नव्हतं. डीव्हीडीतलं चित्र एमपेग-२ पद्धतीचं, आवाज अनेकदा डॉल्बीच्या एसी-३चा, आणि या दोन्हींसाठी संगणकामागे परवान्याचे पैसे भरावे लागत. एमपेग-२ उलगडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे त्या काळी २ डॉलर. लोक आता डीव्हीडी पाहत नाहीत, तर सगळ्यांसाठी हा खर्च कशाला, असा कंपनीचा हिशेब. अमेरिकेपुरता तो बरोबरही असेल. बालाघाट, गोंदियाच्या कपाटांत त्याच सुमाराला लग्नांच्या डीव्हीडी भरत होत्या.

आवाजाच्या बाबतीत असाच तडाखा एमएक्स प्लेअरनं दिला. कोरियातल्या जे२ इंटरॲक्टिव्हनं केलेला हा प्लेअर भारतातल्या अँड्रॉइड फोनांवर घरोघरी होता. २०१८मध्ये टाइम्स इंटरनेटनं तो घेतला, २०२४मध्ये ॲमेझॉननं. त्याआधीच त्याच्या अपडेटांमधून डीटीएस, एसी-३ असे आवाजाचे प्रकार परवान्यापायी वगळले गेले. डीव्हीडीवरून फोनमध्ये घेतलेलं लग्न कालपर्यंत बोलत होतं, ते अपडेटनंतर मुकं झालं. उपाय होता. फोनच्या प्रोसेसरला जुळणारी कोडेक फाइल वेगळी उतरवून प्लेअरला दाखवायची. एआरएमव्ही७ की एआरएमव्ही८, ते आधी ओळखायचं. लांजीच्या बाजारात मेमरी कार्ड भरून देणाऱ्या पोरांनी ही विद्या तोंडी शिकून घेतली आणि गावाच्या गाव दुरुस्त करून दिली. त्यांना कुणी तंत्रज्ञ म्हटलं नाही. माझ्या लेखी त्यांनी मोठं काम केलं.

परवान्याचा पैसा ही दूरच्या देशातलीच भानगड नाही. चीनमधून सुटे भाग आणून भारतात स्वस्त डीव्हीडी प्लेअर जोडणाऱ्या दोघांवर फिलिप्स कंपनीनं दिल्ली उच्च न्यायालयात दावे लावले होते. १२ जुलै २०१८ला निकाल लागला. तांत्रिक मानकासाठी अपरिहार्य ठरणाऱ्या पेटंटाबद्दल संपूर्ण सुनावणी होऊन भारतात आलेला तो पहिला निकाल मानला जातो. न्यायालयानं दर ठरवला तो असा : मे २०१०पर्यंतच्या प्रत्येक प्लेअरमागे ३.१७५ डॉलर, पुढे १.९० डॉलर. आठवडी बाजारात मिळणाऱ्या ज्या बिनब्रँड प्लेअरवर आपण लग्न पाहिलं, त्याच्या स्वस्ताईतला एक हिस्सा हा न भरलेल्या परवान्याचा होता. पेटंटधारकाचा हक्क मी नाकारत नाही. वर्षानुवर्षं संशोधन केलेल्यांना मोबदला मिळायलाच हवा. माझं भांडण याच्याशी आहे की मोबदल्याचा हिशेब बदलतो तेव्हा माणसाच्या घरातली, त्याच्या मालकीची, आधी चालणारी वस्तू त्याला न विचारता बंद पडते. एचईव्हीसीत तर परवाने गोळा करणारी मंडळंच तीन झाली. कुणाला किती द्यायचे याचा घोळ इतका वाढला की गूगल, ॲमेझॉन, नेटफ्लिक्ससारख्यांनी एकत्र येऊन २०१८मध्ये एव्ही१ ही परवानाशुल्काशिवायची पद्धत काढली. ती चांगलीच आहे, पण तिच्यामुळे आधीच झालेली चित्रणं काही बदलत नाहीत.

प्रत्येक वेळी पैसाच आडवा येतो असंही नाही. इंडिओ हे इंटेलचं जुनं कोडेक. डिसेंबर २००९मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या अपडेटमधून मीडिया प्लेअरमध्ये ते अडवलं, कारण त्यात असे दोष होते की मुद्दाम बिघडवलेली एखादी चित्रफीत उघडताच संगणक परक्याच्या ताब्यात जावा. अडवणं योग्यच होतं. म्हणून अपडेट करूच नका, हा बाजारात मिळणारा सल्ला मी पुढे देणार नाही. नेटबँकिंग त्याच संगणकावर होतं, मुलांचे अर्जही त्याच संगणकावरून जातात. संगणक नवाच ठेवावा. जुनं उघडण्याचं काम मात्र विंडोजवर सोपवू नये.

ते काम करणारी माणसं आहेत आणि ती बहुतांश विनामूल्य करतात. पॅरिसच्या एकोल सेंट्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६मध्ये विद्यार्थ्यांचा एक प्रकल्प सुरू झाला, संकुलातल्या जाळ्यावरून व्हिडिओ पाठवण्याचा. त्यातून व्हीएलसी निघालं आणि १ फेब्रुवारी २००१पासून ते मुक्त परवान्याखाली आलं. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं ते चिन्ह बालाघाटच्या प्रत्येक सायबर कॅफेत दिसायचं. त्याच्या पोटात मोठा भार वाहतं ते एफएफएमपेग, फाब्रिस बेलार यांनी २०००मध्ये सुरू केलेलं. इंडिओ, सिनेपॅक, रिअल व्हिडिओ, सोरेन्सन, ज्यांच्या कंपन्यांनी पाठ फिरवली किंवा ज्यांच्या कंपन्याच उरल्या नाहीत, असे कितीतरी प्रकार जगभरातल्या हौशी प्रोग्रामरांनी फाइली उलटसुलट तपासून, मूळ आराखडा हाती नसताना, उलगडून काढले. एफएफएमपेगमध्ये एक शिस्त आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. प्रकल्पात बदल होत राहतात तसे जुन्या नमुना-फाइलींचा संच आपोआप चालवून पाहिला जातो आणि कुठला जुना प्रकार मोडला तर लगेच कळतं. नव्याला जागा देताना जुनं उघडतंय ना, हे रोज पाहणं. पैसे घेणाऱ्या कंपन्यांनी हे केलं असतं तर या लेखाची गरज पडली नसती.

आणि याच व्हीएलसीचं संकेतस्थळ भारतात अडवलं गेलं. २०२२च्या फेब्रुवारीपासून अनेक इंटरनेट कंपन्यांच्या जोडण्यांवर ते उघडेनासं झालं. आदेश कुणाचा, कोणत्या कारणानं, याची तेव्हा जाहीर वाच्यता नव्हती. बसवलेलं व्हीएलसी चालू होतं, पण नवा संगणक घेणाऱ्याला मूळ जागेवरून ते घेता येईना. असा माणूस शोधत शोधत नकली संकेतस्थळावर जातो आणि व्हीएलसीच्या नावाखाली भलतंच काही बसवून घेतो. ऑक्टोबरमध्ये व्हीएलसी बनवणाऱ्या संस्थेनं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं सरकारच्या दोन खात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली, आदेशाची प्रत मागितली. नोव्हेंबरात बंदी उठली. मधल्या आठ-नऊ महिन्यांत एक लग्नसराई येऊन गेली.

मिक्सिंगवाल्या गृहस्थांची स्वतःची अडचण ग्राहकांपेक्षा निराळी आहे. त्यांची मूळ संकलित चित्रणं एडियस या सॉफ्टवेअरमधून काढलेली, कॅनोपस एचक्यू या कोडेकमधली. एव्हीआय म्हणून दिसतात, पण साध्या प्लेअरमध्ये उघडत नाहीत. एडियस बसवलेला जुना संगणक बंद पडला तेव्हा त्यांना वाटलं, सगळी कमाई गेली. कॅनोपसचंही कोडेक एफएफएमपेगला येतं हे त्यांना पुतण्यानं दाखवलं. मिनीडीव्हीच्या फितींचं दुखणं मात्र अजून आहे. त्या वाचायला फायरवायरची तार लागते, नव्या लॅपटॉपांना ते भोकच नाही, आणि ॲपलनं २०२५च्या मॅकओएसमधून फायरवायरचा आधार काढून टाकला. लिनक्समध्ये तो २०२९पर्यंत सांभाळायची योजना आहे. चुंबकीय फितींबद्दल युनेस्को आणि ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९मध्येच धोक्याची सूचना दिली होती : २०२५च्या आसपास फिती वाचणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतील. ते वर्ष येऊन ठेपलं, आणि दुकानाच्या माळ्यावर फितींची खोकी तशीच आहेत.

उपायांबद्दल मी ठाम बोलणार आहे, कारण उपायापोटी होणारं नुकसान मूळ दुखण्याहून मोठं असतं. फाइल उघडत नाही म्हटलं की सगळे एकच सांगतात, कन्व्हर्ट करून घ्या. कन्व्हर्ट करणं म्हणजे दाबलेलं चित्र उलगडून पुन्हा नव्यानं दाबणं. दर वेळी थोडं चित्र जातं आणि ते परत येत नाही. व्हीसीडीत मुळातच ३५२ बाय २८८ ठिपके. त्यातून आणखी गेलं की चेहऱ्यांचं ओळखीचंपण जातं. डीव्ही आणि डीव्हीडीतलं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चौकटींनी भरलेलं असतं. कन्व्हर्ट करणाऱ्यानं ते पाहिलं नाही तर नाचणाऱ्याच्या हातापायांवर कंगव्यासारख्या रेघा कायमच्या उमटतात. चार बाय तीनचं चित्र टीव्ही भरावा म्हणून सोळा बाय नऊला ताणलं की सगळं वऱ्हाड बुटकं आणि रुंद दिसतं. आणि कन्व्हर्ट झाल्यावर, आता हे चालतंय, म्हणून मूळ फाइल पुसली जाते. खरा घात तिथं होतो.

आधी मूळ जसंच्या तसं उतरवून घ्यावं. व्हीसीडीची डॅट फाइल, डीव्हीडीचं अख्खं व्हिडिओ_टीएस फोल्डर, फोनची एमओव्ही किंवा थ्रीजीपी, जे असेल ते. व्हीसीडीच्या बाबतीत घाई करावी, कारण तिच्यात चुका दुरुस्त करण्यासाठी राखायची जागा जास्तीचा व्हिडिओ मावावा म्हणून वापरलेली असते. एका सेक्टरमध्ये साध्या डेटा सीडीत २०४८ बाइट असतात तिथं व्हीसीडीत २३२४. त्यामुळे ओरखडा पडलेली व्हीसीडी कॉपी होताना मध्येच अडते, तेव्हा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. ड्राइव्हागणिक फरक पडतो. तबकडीची छापील बाजू जास्त नाजूक असते, चित्राचा थर तिच्या लगेच खाली असतो. तिच्यावर बॉलपेननं नाव लिहू नये.

मूळ सुरक्षित झालं की मग पाहण्यासाठी दुसरी प्रत करावी. पुष्कळदा पुन्हा दाबायचीही गरज नसते. आतलं चित्र-आवाज तसंच ठेवून फक्त वेष्टण बदललं तरी भागतं. एफएफएमपेगमध्ये हे मिनिटाभरात होतं आणि चित्राचा एक ठिपकाही जात नाही. खरोखर दाबायचंच असेल तर एच.२६४ आणि एएसी आवाज. ही पद्धत २००३ची आहे, पण फोन, टीव्ही, संगणक सगळ्यांना येते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ म्हणजे प्रत नव्हे, ती लहान केलेली आवृत्ती असते. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून जोडावं. २०२२पासून २ जीबीपर्यंतची फाइल तशी मूळ स्वरूपात जाते.

काली पुतली चौकातले गृहस्थ आता प्रत्येक ग्राहकाला दोन फोल्डर देतात. एकात कॅमेऱ्यातून निघालेलं मूळ, दुसऱ्यात टीव्हीवर चालेल असं. पहिलं फोल्डर उघडलं नाही म्हणून लोक तक्रार घेऊन येतात, तेव्हा ते म्हणतात, “नाही उघडलं तरी राहू दे जी. मिटवू नका.” ही समज एका दुकानापुरती राहू नये असं मला फार वाटतं. पुण्याला १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथं सिनेमे जपले जातात. वारासिवनीच्या लग्नातलं पोवारी गाणं किंवा किरनापूरकडची दंडार ठेवून घेणारी जागा कुठल्याही राज्यात नाही. गोंदिया किंवा बालाघाटच्या एखाद्या महाविद्यालयानं दोन मोठ्या हार्ड डिस्क, चालू स्थितीतला एक व्हीसीआर, फायरवायर असलेला एक जुना संगणक आणि लिनक्स जाणणारा एक विद्यार्थी एवढं जमवलं तरी काम सुरू होईल. घरच्यांच्या संमतीनं प्रत घ्यायची, गाव, वर्ष आणि गाणाऱ्या बाईचं नाव टिपून ठेवायचं. ही नावं सांगू शकणाऱ्या माणसांचं वय आता सत्तरीपुढचं आहे, त्यामुळे फितींच्याही आधी त्यांच्याकडे जायला हवं.

पाडव्यानंतर मंडया भरतील आणि रात्री कुणीतरी फोन उंच धरून दंडार टिपेल. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तिथं ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडावं, म्हणजे साध्या रिझोल्युशनचं चित्रण एच.२६४मध्ये होईल. अँड्रॉइड असेल तर अनेक फोनांत व्हिडिओच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा ‘हाय एफिशियन्सी’ असं बटण असतं, ते बंद करावं. फोन आडवा धरावा आणि ढोलकीच्या फार जवळ बसू नये, शाहिराचे शब्द दबतात.